हरलेला डाव पुन्हा कसा वाचायचा: ऑनलाइन पोकरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन पत्ती आणि रमी खेळत मोठे झालेले बरेच जण पोकरकडे वळतात, हरतात आणि मग हे प्रश्न विचारतात. मीही विचारले होते. खाली पोकर म्हणजे नो-लिमिट टेक्सास होल्डेम: प्रत्येकाकडे दोन झाकलेली पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. त्यातली पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर; प्रत्येक टप्प्याला चिप्स लावल्या जातात. इंग्रजीत ज्याला हँड म्हणतात त्याला मी डाव म्हणतो, कारण ‘हात’ म्हटलं की मेंढीकोट खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं.

भारतात आता पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळता येतं का?

नाही. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्यानं बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवायला, त्याची जाहिरात करायला आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करून द्यायला बंदी आहे. परदेशी साइटवर आडवाटेनं कसं जायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे: जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

मग हे कुणासाठी? नुसत्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी, गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोंमध्ये टेबलावर बसणाऱ्यांसाठी, आणि न्यू जर्सी किंवा ब्रिटनसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, जिथे ऑनलाइन पोकरला परवाना आहे. आणि ज्यांच्याकडे जुन्या डावांच्या नोंदी पडून आहेत, त्यांच्यासाठी. त्या नोंदी वाचायला कुठलाच कायदा आड येत नाही.

डाव हरलो म्हणजे कुठेतरी चुकलो असणारच ना?

नाही, आणि हा गैरसमज गेला नाही तर पुढचं काहीच शिकता येत नाही. तुमच्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, पाचातलं एकही पान उघडण्याआधी दोघांनी सगळ्या चिप्स लावल्या. तुम्ही साधारण ८२ टक्के वेळा जिंकाल. उरलेल्या १८ वेळा हराल, आणि त्या अठराही वेळी तुम्ही नेमकं तेच केलेलं असेल जे करायला हवं होतं.

२००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधला एक डाव मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर आणि नावाजलेला फिल आयव्ही. मनीमेकरकडे एक्का-राणी, आयव्हीकडे दोन नव्व्या. फ्लॉपला राणी, राणी, छक्की. आयव्ही बराच मागे. टर्नला नव्वी आली आणि त्याचं फुल हाउस (एका आकड्याची तीन, दुसऱ्याची दोन पानं) झालं. त्यानं सगळं लावलं, मनीमेकरनं कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या. त्या क्षणी आयव्ही सुमारे ८४ टक्के पुढे होता. रिव्हरला एक्का आला, मनीमेकरचं फुल हाउस मोठं ठरलं, आयव्ही दहाव्या क्रमांकावर बाहेर पडला आणि मनीमेकर पुढे ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकला. टर्नला आयव्हीचं काय चुकलं? काहीही नाही. या डावातून त्याला शिकायचंच असेल तर ते फ्लॉपचं आहे, जिथे तो मागे असूनही डावात राहिला. म्हणजे ज्या निर्णयानं तो स्पर्धेबाहेर गेला तो बरोबर होता, आणि तपासण्यासारखा निर्णय तो होता ज्यानं त्या वेळी त्याचं फारसं काही गेलं नव्हतं.

मग हरलेल्यांपैकी कोणते डाव तपासायचे?

सगळ्यात मोठं नुकसान झालेले नव्हे. ज्या डावात एखाद्या वळणावर तुम्ही थांबलात, घड्याळ संपत आलं आणि मग काहीतरी दाबलंत, तो डाव. अडखळलेली जागा म्हणजे न समजलेली जागा.

दोन राजे घेऊन दोन एक्क्यांसमोर हरलात, तर तो डाव सोडून द्या. सहा जणांच्या टेबलावर तुमच्याकडे दोन राजे असताना इतर पाचांपैकी कुणाकडे दोन एक्के असण्याची वेळ साधारण चाळिसात एकदा येते. त्या एका वेळेच्या धास्तीनं उरलेल्या एकोणचाळीस वेळा राजे फेकायला लागलात, तर हरलेल्या डावानं तुम्हाला शिकवलं नाही, बिघडवलं. असं बिघडलेले खेळाडू मी खूप पाहिलेत. वाईट खेळणाऱ्यांपेक्षा त्यांना सुधारणं अवघड जातं, कारण आपण अनुभवातून शिकलो अशी त्यांची खात्री असते.

एखादा डाव नीट उलगडून दाखवाल का?

माझाच एक सांगतो. आकडे बिग ब्लाइंडमध्ये आहेत, म्हणजे डाव सुरू होताना एकाला सक्तीनं लावावी लागणारी रक्कम एक धरून; त्याच्या शेजारचा निम्मी लावतो, तो स्मॉल ब्लाइंड. माझ्याकडे बदामाचा एक्का आणि किलवरची राणी. मी २.५ लावले, बिग ब्लाइंडवाल्यानं कॉल केला, स्मॉल ब्लाइंडचे ०.५ धरून पॉट, म्हणजे मधली एकूण रक्कम, ५.५. फ्लॉप: इस्पिकची राणी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची चौकी. त्यानं चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), मी ४ लावले, त्याचा कॉल. पॉट १३.५. टर्नला किलवरची दुर्री. चेक, मी ९ लावले, कॉल. पॉट ३१.५. रिव्हरला इस्पिकची सत्ती. आतापर्यंत नुसता कॉल करणाऱ्या त्या माणसानं अचानक ३० लावले. मी कॉल केला. त्यानं इस्पिकची दश्शी-नव्वी दाखवली. पाच इस्पिकं, म्हणजे फ्लश.

कितीतरी दिवस मी या डावाबद्दल एकच वाक्य म्हणत होतो: ‘रिव्हरला फोल्ड करायला हवं होतं.’ फोल्ड म्हणजे पानं टाकून डाव सोडणं. ते खरंही आहे. ३१.५ च्या पॉटमध्ये ३० आले, मला ३० घालायचे, म्हणजे एकूण ९१.५ मधला माझा वाटा जवळजवळ तेहतीस टक्के. तीनात एकदा तो ब्लफ करत असेल, म्हणजे हातात काही नसताना लावत असेल, तरच तो कॉल परवडतो. फ्लॉप आणि टर्नला गुपचूप कॉल करणारा, तिसरं इस्पिक पडताच स्वतःहून पुढे येऊन पॉटएवढे लावणारा माणूस कमी पैशांच्या टेबलांवर तितक्यांदा ब्लफ करत नाही.

पण खरी शिकवणी टर्नला होती, आणि ती मला महिन्याभरानं दिसली. टर्नला त्याच्याकडे नऊ इस्पिकं आणि सरळ रांग पुरी करणारे इतर तीन गुलाम, अशी उरलेल्या ४४ पानांतली १२ पानं कामाची होती. म्हणजे २७ टक्के. मी १३.५ च्या पॉटमध्ये ९ लावले, त्यामुळे त्याला लागणारी शक्यता होती साडेअठ्ठावीस टक्के. जवळजवळ बरोबरीचा सौदा. त्यात फ्लश लागल्यावर माझ्याकडून मिळणारे ३० धरले, तर तो कॉल त्याला छान परवडत होता आणि ते आमंत्रण मीच दिलं होतं. पॉटएवढे १३.५ लावले असते, तर त्याला ३३ टक्के लागले असते आणि त्याच कॉलची किंमत त्याला खूप जास्त पडली असती.

दुखलं रिव्हरला, चूक एक पान आधी होती. तेव्हापासून मी हरलेला डाव मागून पुढे वाचत नाही. पहिल्या पानापासून वाचतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारतो: या क्षणी मला काय माहीत होतं?

हरलेलेच डाव बघायचे, की जिंकलेलेही?

जिंकलेले बघितले नाहीत तर निम्म्या चुका कायमच्या लपून राहतात. पॉटमध्ये १००० चिप्स आहेत, समोरच्यानं ५०० लावल्या, टर्नचं पान पडलंय आणि तुमचा फ्लश एका पानानं अडलाय. कॉल परवडायला २५ टक्के हवेत. तुमच्याकडे ४६ मधली ९ पानं, म्हणजे साडेएकोणीस टक्के. पुढे आणखी काही मिळणार नसेल, तर अशा प्रत्येक कॉलमागे सरासरी १०९ चिप्स जातात. पण पाचातून एकदा फ्लश लागतो, १५०० चिप्स तुमच्याकडे सरकतात आणि जीव सुखावतो. तो एक डाव तुमच्या लक्षात राहतो. उरलेले चार ‘नशीब नव्हतं’ म्हणून विसरले जातात. माझ्या वहीत जिंकलेल्या डावांसाठी वेगळं पान आहे, त्याचं नाव ‘चुकून जिंकलेले’. ते पान भरायला मला सगळ्यात जास्त जड जातं.

फोल्ड केलेले डाव? तिथे तर समोरच्याची पानं दिसतच नाहीत.

दिसत नाहीत म्हणूनच तिथली गळती कळत नाही. त्याच २००३ च्या स्पर्धेत शेवटी मनीमेकर आणि सॅमी फरहा दोघेच उरले. एका डावात फरहाकडे राणी-नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, फ्लश हुकलेला, रांग हुकलेली, हातात काहीही नाही. त्यानं रिव्हरला सगळं लावलं आणि फरहानं फोल्ड केलं. टीव्हीवर पानं दिसली म्हणून आज जगाला तो हरलेला डाव ठाऊक आहे. तुमच्या-माझ्या खेळात असा डाव नोंदीत फक्त ‘फोल्ड’ एवढाच उरतो. म्हणून फोल्ड करताना मनात आलेलं कारण लगेच दोन शब्दांत लिहून ठेवा. ‘घाबरलो’ हेही कारण चालतं. खरं असेल तर तेच लिहा.

किती डाव खेळल्यावर आपण हरणारे आहोत की जिंकणारे ते कळतं?

वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. समजा एखादा खरोखर चांगला खेळाडू आहे, शंभर डावांमागे सरासरी ४ बिग ब्लाइंड जिंकणारा. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांतला चढउतार सहज ९० बिग ब्लाइंडच्या घरात असतो. हिशेब मांडला तर १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ४०० बिग ब्लाइंड आणि चढउतार ९०० चा. म्हणजे असे तीन चांगले खेळाडू घेतले, तर त्यातला एक दहा हजार डावांनंतरही तोट्यात दिसेल. एक लाख डावांनंतरही शंभरातले आठ तोट्यात असतील.

म्हणूनच एका संध्याकाळच्या निकालावरून खेळ बदलू नका. निर्णय तपासा, तो एका डावातही तपासता येतो.

साइट मुद्दाम हरवते का? रिव्हरला नेहमी समोरच्याचंच पान येतं.

ऑनलाइन तासाला टेबलावरच्यापेक्षा कितीतरी जास्त डाव होतात, त्यामुळे दुर्मीळ वाटणाऱ्या गोष्टी रोज दिसतात. फ्लॉपला फ्लशला एक पान कमी असलेला खेळाडू शेवटपर्यंत राहिला, तर ३५ टक्के वेळा त्याचा फ्लश लागतो. तीनात एकदा. हे ‘नेहमी’ नाही, पण हरणाऱ्याला तसंच भासतं.

फसवणूक कधी झालीच नाही असंही नाही. २००७ मध्ये एका साइटवर आतल्या माणसाला सगळ्यांची झाकलेली पानं दिसत असल्याचं उघड झालं. ते उघड केलं खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी एकेक करून तपासून. शंका असेल तर तोच रस्ता आहे: ज्या डावांत तुम्ही पुढे असताना सगळं लागलं ते सगळे मोजा, फक्त आठवणारे नव्हे. मी मोजले होते. माझी आठवण खोटी निघाली.

हरलेला डाव मित्राला दाखवावा का?

जरूर, पण शेवट न सांगता. ‘अरे ऐक, दोन एक्के होते आणि त्या पठ्ठ्यानं…’ अशी सुरुवात केली की मित्र हळहळतो आणि चर्चा संपते. त्याऐवजी निर्णयाच्या जागेपर्यंत सांगा, चिप्स किती, कोण कुठे बसलंय, आधी कुणी काय केलं, आणि विचारा: तू काय करशील? समोरच्यानं काय दाखवलं ते अजिबात सांगू नका, विचारलं तरी नाही. आम्ही तिघे मित्र गेली काही वर्षं असंच करतो. कित्येकदा माझा जिंकलेला डाव त्या दोघांनी चुकीचा ठरवलाय.

हरल्याबरोबर लगेच डाव तपासावा का?

नाही. खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. मोठा डाव हरल्यावर जे होतं त्याला खेळाडू टिल्ट म्हणतात. कान गरम होतात, पुढची पानं बघायच्या आधीच बोट बटणावर जातं. त्या अवस्थेत तपासलेला डाव एकतर समोरच्याला मूर्ख ठरवतो, नाहीतर तुम्हाला.

माझ्या सगळ्यात महागड्या रात्रीत पहिला हरलेला डाव अगदी बरोबर खेळलेला होता. मी उठायला हवं होतं. त्याऐवजी मी पुढचे दोन तास तोच डाव मनात पुन्हा खेळत राहिलो आणि पडद्यावर मात्र भलतेच खेळलो. त्या रात्रीच्या नोंदी मी जपून ठेवल्यात. पहिल्या डावानंतर माझा एकही निर्णय दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतलेला नाही. तेव्हापासून नियम ठेवलाय: पूर्ण चिप्सचा डाव गेला की पाणी प्यायला उठायचं. परत बसायची इच्छा झाली नाही, तर ती मानायची.

तीन पत्तीची सवय पोकरमध्ये आड येते का?

येते. दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणाला पानं न बघता ब्लाइंड चाल चालण्यात जी मर्दुमकी असते, तिचं पोकरमध्ये काही चालत नाही. तीन पत्तीत वाटलेली पानं बदलत नाहीत. इथे प्रत्येक नव्या पानाबरोबर तुमच्या हातातल्या पानांची किंमत बदलते. ‘एकदा बसलो की शोपर्यंत जायचं’ ही खुमखुमी घेऊन आलेला खेळाडू रिव्हरपर्यंत जोडी धरून बसतो. हरलेल्या डावांत हा नमुना वारंवार दिसला, तर तो नशिबाचा भाग नाही.

सॉल्व्हर घ्यावा का?

नव्यानं शिकत असाल तर नको, आधी वही आणि टक्केवारी पुरे. सॉल्व्हर म्हणजे दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर काय व्हावं हे काढणारा संगणक प्रोग्रॅम. तुमच्या टेबलावरचा माणूस तसा खेळत नसतो.

पण हरण्यातून शिकण्याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण एका प्रोग्रॅमचंच आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा क्लॉडिको २०१५ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंशी ८०,००० डाव खेळला आणि मागे राहिला. तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी मग लिब्रेटस घडवला. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या एका कॅसिनोत तो पुन्हा चार व्यावसायिकांसमोर बसला, २० दिवस, १,२०,००० डाव. दिवसभर ते खेळाडू त्याच्या खेळातली भोकं शोधत. रात्री ते झोपले की लिब्रेटस, त्यांनी दिवसभरात ज्या जागा चाचपल्या त्या निवडून, तिथला आपला खेळ नव्यानं मोजत असे. सकाळी भोक बुजलेलं. शेवटी तो १७ लाख डॉलरहून अधिक किमतीच्या चिप्सनी जिंकला. त्यानं हरलेल्या चिप्स मोजल्या नाहीत. समोरच्यानं कुठे हात घातला ते पाहिलं.

गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी शिकतोय. चालेल ना?

इथे मी अगदी गंभीरपणे नाही म्हणतो. गेलेले पैसे पोकर परत करत नाही. घरापासून लपवून खेळत असाल, उसने घेतले असतील, हरल्यावर रक्कम वाढवत असाल, तर प्रश्न पत्त्यांचा उरलेला नाही. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मोफत आहे. फोन करा. डाव तपासणं नंतर कधीही होईल, किंवा नाही झालं तरी चालेल.

नुसत्या चिप्सवर खेळून काही शिकता येतं का? तिथे सगळेच ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात.

आकडेमोड शिकता येते, ब्लफ नाही. जाण्यासारखं काही नसलं की कुणी फोल्ड करत नाही, त्यामुळे समोरच्याला घाबरवण्याचा सराव तिथे होत नाही. पण पॉट किती, आपली कामाची पानं किती, हा कॉल परवडतो का, हे प्रत्येक डावाला मोजता येतं. मी हल्ली एवढंच करतो.

वहीत नेमकं काय लिहायचं?

जास्त नाही, नाहीतर आठवड्यात वही बंद पडते. जागा, पानं, अडखळलो ती वेळ, तेव्हाचं कारण. निकाल मागच्या बाजूला, म्हणजे पुन्हा वाचताना आधी दिसत नाही. गेल्या आठवड्यातली माझी नोंद अशी आहे (‘बटण’ म्हणजे टेबलावर शेवटी चाल करायची जागा, ‘रेझ’ म्हणजे रक्कम वाढवणं): ‘बटणावर. अठ्ठ्यांची जोडी. फ्लॉप एक्का, दश्शी, तिर्री. त्यानं अर्धा पॉट लावला, मी कॉल. का? फ्लॉपच्या आधी रेझ केलं होतं म्हणून सोडवेना.’ पान उलटलं की मागे एकच शब्द आहे: ‘जिंकलो’. ही नोंद मी ‘चुकून जिंकलेले’मध्ये हलवली आहे.